शेवरेवाडीचे रडके मास्तर

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते मला विचारू नका. मला सांगणारासुद्धा तेव्हा जन्मला नव्हता. शेवरेवाडीत शाळेचा पहिला दिवस म्हणजे नुसता आकांत. पोरं सकाळीच फणसावर चढून बसायची. मग चार दांडगे गडी त्यांना खाली ओढायचे, हातपाय धरून उचलबांगडी करायचे आणि शाळेत नेऊन आदळायचे. पोरं मागच्या खिडकीतून पुन्हा फणसावर! तीन मास्तर आले नि कपाळाला हात लावून गेले, असं म्हणतात.

चौथे आले त्रिंबकमास्तर. अंगानं काडी, कोट ढगळ, वय जेमतेम वीस. उभ्या जन्मात त्यांनी कुणाला शिकवलं नव्हतं. त्यातून वरून हुकूम आलेला, की पहिल्याच दिवशी तपासनीस साहेब येणार, आणि वीस पोरं बसलेली दिसली नाहीत तर शाळेला कायमचं कुलूप.

त्या सकाळी मास्तरांनी टोपी घातली, उंबऱ्याबाहेर पाय टाकला, आणि समोर फणसभर पोरं बघून त्यांचं अवसानच गळालं. फळ्याकडे वळलो की ही सगळी हसणार, मला काही येत नाही हे यांना कळणार, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी ओसरीचा खांब दोन्ही हातांनी कवटाळला आणि भोकाड पसरलं, "मला नाही जायचं शाळेत!"

अहो, साधंसुधं भोकाड नव्हे ते. गाई दावी तोडून पळाल्या, विहिरीचं पाणी वीतभर वर चढलं, आणि पलीकडच्या गावची माणसं कुणीतरी गेलं समजून बांबू-सुतळी घेऊन नदी ओलांडून आली, असं म्हणतात. दांडगे गडी पुढे झाले, पण मास्तरांना ओढायचं कसं? पाटील म्हणाले, "मास्तर, लोक काय म्हणतील?" त्यावर मास्तर आणखीच रडले.

फणसावरची पोरं आपलं रडणं विसरून टकामका बघत होती. सगळ्यात वरच्या फांदीवर होती सहा वर्षांची गोदी. ती सरसर खाली आली आणि तिनं मास्तरांचं नाक आपल्या परकरानं पुसलं.

"उगी, उगी," ती म्हणाली. "मलाबी भ्या वाटतं. मी बसते की तुमच्याजवळ."

"दुपारपर्यंत?" मास्तरांनी हुंदका देत विचारलं.

"शाळा सुटंस्तोवर!"

तेव्हा कुठं खांबावरचा एक हात सुटला. दुसरा सोडवायला बाकीची पोरं खाली उतरली, आणि सगळ्यांनी मिळून मास्तरांचीच उचलबांगडी केली. साहेब आले तेव्हा एकेचाळीस पोरं चिडीचूप बसली होती. कुणी हललं की गोदी डोळे वटारायची, "गप रे, मास्तर बावरत्यात!" साहेबही निमूटपणे टोपी काढून मागं बसले आणि बाराखडी म्हणूनच गेले, असं म्हणतात.

मास्तर चाळीस वर्षं तिथंच राहिले आणि दरवर्षी पहिल्या दिवशी रडले. ते खरं रडणं की सोंग, यावरून शेवरेवाडीत अजून भांडणं होतात.

पण रीत राहिली. पहिल्या दिवशी गुरुजी असोत की बाई, खांब धरून रडायचं, आणि पहिलीच्या पोरांनी डोळे पुसून उचलून न्यायचं. मागं एक बाई नेमणूक होऊन आल्या. नव्याकोऱ्या नोकरीच्या. "असली नाटकं मला जमायची नाहीत," त्यांनी गावाला ठणकावून सांगितलं. पहिल्या दिवशी दार उघडलं, तर समोर अख्खी पहिली उभी.

बाईंनी एक पाऊल मागं घेतलं. मग हळूच विचारलं, "कुठला खांब धरायचा?"