पहिल्या रांगेतली वा

एकदा एक शिष्य आपल्या गुरूशी कडाडून भांडत होता. भांडण इतकं रंगात आलं होतं की दाराशी आलेली भाजीवाली हाक मारायचं विसरून पायरीवर टोपली टेकवून ऐकत बसली होती.

"एकाच तोंडानं दोघांना वा म्हणता तरी कशा तुम्ही, आक्का?" शिष्य विचारत होता. "मलाही वा, आणि त्या पोस्टमास्तरांनाही वा! परवा मास्तर समेला चुकले, तोंडावर आपटले, अख्खं सभागृह हसलं. आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसून म्हणता काय, तर वा!"

"हळू बोल. हे माझं घर आहे, सभागृह नाही," गोदाक्का म्हणाल्या, आणि मांडीशी घेतलेल्या तबल्याच्या लाकडी गट्ट्यावर त्यांनी हातोडीचा एक टोला घातला.

तबला आक्कांचाच होता. पूर्वी कधीतरी त्यांनी तो शिष्याला वाजवायला दिला होता, आणि आज सकाळी शिष्य तो परत करायला आला होता. आक्कांनी तो घेतला, टिचकी मारून पाहिली, "उतरलाय" एवढंच म्हणाल्या आणि सरळ लावायला बसल्या. भांडण त्यांच्या डोक्यावरून चाललं होतं. त्यांचे हात आपल्या कामात होते.

गोदाक्कांना कुणी गुरू नव्हता. त्यांच्या तरुणपणी बाईमाणसानं फार तर पेटी वाजवावी असा समज होता. त्यांनी पिठाच्या डब्यावर बोटं बसवली आणि शेजारच्या घरातल्या रेडिओवरून ताल उचलले. कुणी विद्येची परंपरा विचारली, तर त्या मान ताठ करून सांगत, "मला कुणी शिकवलं नाही, म्हणून मला कुणी बिघडवलंही नाही." असं बोलणाऱ्या बाईशी भांडायला छाती लागते. शिष्याला, म्हणजे दिगंबरला, आज ती कुठून आली, तेही सांगायला हवं.

दिगंबरचं चष्म्याचं दुकान होतं. पोट दुकानावर, जीव तबल्यावर. गावातल्या चार जणांनी मिळून एक हौशी वाद्यवृंद काढला होता. बासरीला दातांचे डॉक्टर, पेटीला शाळेतल्या बाई, गिटारला टेम्पोचा मालक आणि तबल्याला हा. कुणाची वास्तुशांत, कुणाची एकसष्टी, कधी वाचनालयाचा वर्धापनदिन. पाहुण्यांचं भाषण लांबलं की यांचं वादन आखडायचं, आणि बटाटेवड्यांचा वास आला की मागच्या रांगा उठायच्या. तरी पुढच्या बोलावण्याची वाट चौघेही लग्नाच्या मुलीच्या बापासारखी बघायचे. हौसेचं असंच असतं.

दिवाळी पाडव्याच्या पहाटेच्या कार्यक्रमात दिगंबरला एकट्याला थोडा वेळ वाजवायला मिळालं. त्यात मध्येच पहिल्या रांगेतून आक्कांची खणखणीत "वाऽ!" आली. ती वा दिगंबरनं मनाच्या देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवताना ती त्याला आठवायची, आणि गिऱ्हाइकाला वाटायचं, हा आपल्याकडे बघून का हसतोय?

आणि आता परवा, निवृत्तीनंतर तबला हातात धरलेल्या पोस्टमास्तरांना त्याच तोंडून, त्याच ठसक्यात, तीच वा! वर वाद्यवृंदानं ठरवलं होतं की आज संध्याकाळी वाचनालयात मास्तरांनाही थोडा वेळ बसवायचं.

"मी आज येणार नाही," दिगंबर म्हणाला. "आज नाही, आणि पुन्हा कधीच नाही. तुमची ती वा खरी धरून मी इतके दिवस बोटं झिजवली. रद्दीच्या भावानं वाटायची होती, तर मला द्यायचीच नव्हती!"

"झालं बोलून?"

"नाही झालं."

"मग बस. वाजव."

"आक्का, मी भांडायला आलोय!"

"वाजवता वाजवता भांड. हात तरी कामाला लागतील."

आक्कांनी पेटी पुढे ओढली आणि लेहरा धरला. लेहरा म्हणजे सुरांची एकच ओळ फिरून फिरून वाजवायची. तिच्या आधारानं तबल्याला कळत राहतं की तालाचं चाक कुठवर फिरलं आणि त्याची पहिली मात्रा, म्हणजे सम, कधी येणार. दिगंबर तणतणतच बसला. राग बोटांत होताच. तो सुसाट सुटला. एक लांबलचक बोल त्यानं उचलला आणि निम्म्यावर आला असेल, तोच आक्कांनी पेटीवरचे हात उचलले. सूर थांबले.

दिगंबरनं चमकून पाहिलं. आक्का खिडकीबाहेर बघत होत्या, जणू त्यांचा ह्या प्रकाराशी संबंधच नाही.

थांबायचं तर नाक कापलं जाणार. तो वाजवत राहिला. पण विहीर उतरताना पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि खाली नुसता अंधार लागावा, तसं त्याचं झालं. सम मागे गेली की पुढे आहे, काही उमगेना. बोटं चालत होती आणि मन चाचपडत होतं. कानांच्या पाळ्या तापल्या.

"वाऽ!" आक्का खिडकीकडेच बघत म्हणाल्या.

त्या एका शब्दासरशी त्याच्या बोटांना जमीन लागली. तिथून मोजत ती पुढे निघाली, आणि पुढच्या समेवर 'धा' असा नेमका पडला की पायरीवरच्या भाजीवालीनंही मान हलवली.

आक्कांनी तबल्यावर हात ठेवून त्याला थांबवलं. "आत्ता काय मोठं वाजवलंस?"

"काही नाही," दिगंबर खाली मान घालून म्हणाला. "हरवलो होतो."

"मग मी वा का म्हटलं?"

दिगंबरला पाडव्याची पहाट दिसायला लागली. कर्ण्यांची तोंडं सगळी लोकांकडे, मंचावर पेटीचा सूर कानी येत नव्हता. पेटीवरच्या बाईंच्या हाताकडे बघून अंदाज बांधावा, तर त्यांच्या पुढे हाराफुलांचं तबक. क्षणभर तेव्हाही तो असाच हरवला होता. तेवढ्यात वा आली होती आणि त्यामागून सम सापडली होती. हरवणं तो विसरला, वा तेवढी लक्षात ठेवली.

"म्हणजे ती दाद नव्हतीच," तो म्हणाला.

"दादेपेक्षा मोठी होती, बाळा." आक्कांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मंचावर बसलेला माणूस एकटा असतो. त्याला बोट करून सम दाखवली, टाळी देऊन मोजून दिली, तर ताल वाचेल, पण चारचौघांत अब्रू जाईल. वा म्हटलं की दोन्ही वाचतात. लोकांना वाटतं, म्हातारी खूश झाली. वाजवणाऱ्याला कळतं, घर इथं आहे. तुम्ही हौशी मंडळी एकमेकांच्या कार्यक्रमाला जाता ते कशाला? मागच्या रांगेत हाताची घडी घालून चुका वेचायला. ह्याची लय ढळली, त्याचा सूर उतरला. आणि घरी येताना कसं पोट भरल्यासारखं वाटतं तुम्हाला! अरे, ऐकायला बसणं म्हणजे खाली बसून साथ करणं. ती यायला लागली की मग मंचावरची येते."

दिगंबर लाजला. परवा मास्तर आपटले, तेव्हा हसणाऱ्यांत तो सर्वांत आधी हसला होता, आणि शेजारी बसलेल्या डॉक्टरांना कोपरानं ढोसूनही झालं होतं.

पण दुखावलेलं मन लगेच हार मानत नाही. "मग मी खरोखर चांगलं वाजवतो तेव्हा तुम्ही काय म्हणता?" त्यानं विचारलं.

"तेव्हा मी चहा पिते."

"चेष्टा नका करू, आक्का."

"चेष्टा कसली? गेल्या गणपतीत डॉक्टरांच्या बासरीमागे तू जे वाजवलंस, त्याला मी एक शब्द तरी बोलले? निवांत बशीत ओतून चहा प्याले. तू सुखरूप चालला होतास. तुझी काळजी नव्हती."

दिगंबरला ते आठवलं. त्या दिवशी आक्कांचं आपल्याकडे लक्षच नाही, म्हणून तो रुसून जेवला नव्हता. आता त्याला हसू आलं आणि रडूही आलं, आणि ह्या दोहोंपैकी कुणालाच वाट देणं त्याला परवडणारं नव्हतं, कारण तो भांडायला आला होता. बुडत्यानं काडी धरावी तसा त्यानं शेवटचा मुद्दा धरला.

"बरं, मानलं. वा म्हणजे सम सांगणं. मग परवा मास्तर का आपटले? तुम्ही होतात की पहिल्या रांगेत. तुमची वा आली, तिच्यावरच त्यांनी हात टाकला, आणि तिथंच तर फसले! मग कुठं गेलं तुमचं हे शास्त्र?"

आपण फार बिनतोड बोललो, असं त्याला वाटलं. आक्का आता भडकतील, हातोडी आपटतील, "चालता हो" म्हणतील, म्हणून त्यानं खांदे आखडून घेतले. पण आक्का भडकल्या नाहीत. त्यांनी तबला उचलून त्याच्या मांडीवर ठेवला, पदरानं तबल्याच्या काळ्या शाईवरची पावडर अलगद टिपली, आणि कुणापुढे कधी न वाकलेली ती बाई कानामागे हात धरून थोडी पुढे वाकली.

"ते माझ्यामुळं आपटले रे," त्या म्हणाल्या, "सभागृहात मला आता पेटी नीट ऐकू येत नाही, सम निघून गेल्यावर कळते, म्हणून आज मास्तर वाजवायला बसले, की तू खाली उतरून माझ्या शेजारी ये, आणि वा तू म्हण."