बिरूने हिरवळ राखली

एका गावात एक भोळा गडी होता. तसे गावात भोळे पुष्कळ होते, पण ते आपापल्या घरी बसून होते. हा कामाला होता, म्हणून त्याची गोष्ट झाली.

त्याचं नाव बिरू. भास्करराव तावरे नावाचे एक रिटायर झालेले साहेब होते, त्यांच्या बंगल्यावर तो वरकामाला होता. सांगितलेलं काम बिरू जसंच्या तसं करायचा. आल्यागेल्याला चहा विचारत जा, असं मालकीणबाई कुसुमताईंनी एकदा सांगितलं. तेव्हापासून तो निघालेल्या माणसालाही फाटकात अडवून चहा विचारायचा. काही माणसं सकाळी आली ती दिवेलागणीलाच घरी गेली.

बंगल्याच्या परसात भास्कररावांनी हिरवळ लावली होती. लेकीचा, रेवतीचा, साखरपुडा त्या हिरवळीवर करायचं ठरलं होतं. कार्यालय का नाही घेतलं, असं कोणी विचारलं की भास्करराव त्याला हाताला धरून परसात न्यायचे आणि म्हणायचे, "आता बोला." चप्पल घालून हिरवळीवर पाय ठेवायची कोणाची टाप नव्हती.

पण बुंदी चप्पल घालत नव्हती. बुंदी म्हणजे रेवतीने पाळलेली कुत्री. अंगावर तांबूस ठिपके, म्हणून बुंदी. ती रोज सकाळी ऐन हिरवळीच्या मधोमध जायची, दोनदा गोल फिरायची आणि बसायची. लघवी करून उठायची. मग तिथलं गवत जळून ताटाएवढा पिवळा डाग पडायचा.

भास्करराव एक दिवस भडकले. "साखरपुड्याच्या दिवशी हिरवळीवर एक जरी डाग दिसला, तर ही कुत्री खाणीवर. खाणीच्या वॉचमनला कुत्रं हवंच आहे."

रेवती रडली. बिरू तिच्यापेक्षा जास्त रडला. तो आणि बुंदी ओसरीवर एकाच पोत्यावर झोपायचे. भाकरी एकाची असली तरी अर्धी अर्धी व्हायची. बुंदी गेली तर पोत्याचा दुसरा अर्धा भाग घेऊन काय करायचं, हे त्याला समजेना.

त्याचं रडणं बघून भास्करराव जरा नरमले. म्हणाले, "हे बघ बिरू. कुत्रीची लघवी कडक असते. तिने केलं रे केलं की लगेच वरून बादलीभर पाणी ओतायचं. मग गवत जळत नाही. मला विचारायला येऊ नकोस. आधी पाणी."

"आधी पाणी," बिरू म्हणाला. आणि दिवसभर बादली हातात घेऊन बुंदीच्या मागे फिरायला लागला.

आता झालं काय, पाहुण्यांसाठी कुसुमताईंनी पिंजाऱ्याकडून नवी गादी भरून घेतली होती. ती ओसरीवर पसरलेली होती. बुंदीला गादी आवडली. ती वर चढली, दोनदा गोल फिरली आणि कोपऱ्यावर बसली.

बिरूने बादली ओतली. मग त्याला वाटलं, गादी एवढी जाड, एका बादलीने तिचं काय होतंय? त्याने नळाला पाइप लावला.

कुसुमताई बाहेर आल्या तेव्हा गादीतला कापूस पाणी पिऊन तट्ट फुगला होता. तिघांनी ओढली तरी गादी जागची हलेना. बुंदी पायरीवर कोरडी बसून बघत होती.

"अरे मेल्या, गादीवर पाणी ओततात होय रे?"

"आधी पाणी, असं मालक म्हणाले."

"पाणी नाही रे बाबा. असं काही झालं की जे भिजलंय ते उचलायचं आणि वर पत्र्यावर उन्हात टाकायचं. एक बाजू वाळली की उलटं करायचं. शिरलं का डोक्यात?"

"उचलायचं. पत्र्यावर टाकायचं. उलटं करायचं," बिरू म्हणाला. त्याच्या डोक्यात एकदा शिरलेलं सहसा बाहेर येत नसे, हीच तर अडचण होती.

दुसऱ्या दिवशी बुंदी हिरवळीवर बसली. बिरूने कुदळ आणली. जेवढं भिजलं होतं तेवढं गवत मुळासकट, मातीसकट, अलगद थाळीसारखं काढलं आणि पत्र्यावर नेऊन ठेवलं. दुपारी उलटं केलं. त्यानंतर बुंदी जिथे जिथे बसली तिथे तिथे त्याने हेच केलं. मेहनतीला माणूस कमी नव्हता, हे मान्य करायला पाहिजे.

भास्करराव बाहेरगावी गेले होते. ते आले आणि चहाचा कप घेऊन परसात उतरले. पहिला पाय खड्ड्यात गेला. दुसरा पाय दुसऱ्या खड्ड्यात गेला. कप कुठे गेला ते कळलं नाही. खाली बसल्या बसल्या त्यांनी वर बघितलं, तर शेडच्या पत्र्यावर त्यांची हिरवळ होती. काही तुकडे सुलटे, काही उलटे.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"वाळतंय मालक. मघाशीच उलटं केलं."

भास्कररावांना रागवायलाही सुचेना. मग सुचलं. ते म्हणाले, "हिरवळीला ऊन नाही रे. गादीला ऊन, हिरवळीला पाणी. आणि आता तेही नको. आजच्या आज वॉचमनला बोलावतो. घेऊन जाऊ दे कुत्री."

मग मात्र रेवती मधे पडली. घरात तेवढीच एक शहाणी होती. तिने वडिलांकडून साखरपुड्यापर्यंतची मुदत मागून घेतली, नर्सरीतून गवताचे तुकडे आणून खड्डे बुजवले आणि बिरूला समोर बसवलं.

"बिरू, हिरवळ जागची हलवायची नाही. बुंदीला हलवायचं. बंगला बांधताना उरलेली वाळू मागच्या कोपऱ्यात आहे ना? ती तिची जागा. जेवण झालं, झोपून उठली, किंवा खाली बघत गोल गोल फिरायला लागली, की वेळ झाली समजायचं. पट्टा लावायचा, वाळूत न्यायचं आणि आपण तोंड फिरवून उभं राहायचं. ती लाजते. झालं की पाठ थोपटायची, शाबास म्हणायचं आणि एक बिस्किट द्यायचं. आधी बिस्किट नाही. केल्यावर बिस्किट."

"केल्यावर बिस्किट," बिरू म्हणाला.

आणि काय सांगू, हे जमलं. बुंदी बिस्किटासाठी वाळूत जायला लागली. बिरू तोंड फिरवून उभा राहायला लागला. वाळूला पत्र्याचा आडोसाही करून दिला. साखरपुडा उजाडला तेव्हा हिरवळीवर डाग औषधाला नव्हता. बिरूने बुंदीला ओसरीवर दोरीने बांधलं, बिस्किटांचा पुडा खिशात घातला, पट्टा खांद्यावर टाकला आणि पहाऱ्यावर उभा राहिला. एक डाग, की बुंदी खाणीवर. एवढंच त्याला माहीत होतं.

नवरदेवाकडची जगदाळे मंडळी लांबून गाडी करून आली. आल्या आल्या पाणी झालं, चहा झाला, मग कोकम सरबत झालं. तावऱ्यांच्या घरात कोणाचा पेला रिकामा राहिला तर तो अपमान. आणि व्याह्यांच्या घरी पहिल्यांदा आलेला माणूस, संडास कुठे आहे, हे काही विचारत नाही. जीव गेला तरी विचारत नाही. जगदाळ्यांकडची सगळी माणसं खुर्च्यांवर पाय आवळून बसली होती आणि हवापाण्याच्या गप्पा मारत होती.

नवरदेवाचे आजोबा, आबा, ऐंशीच्या पुढचे. त्यांना बसवेना. ते काठी घेऊन उठले, हिरवळीच्या कडेला गेले आणि खाली बघत गोल गोल फिरायला लागले.

बिरूने ते बघितलं. इथे डाग पडला तर आळ कोणावर येणार? बुंदीवर. ती बिचारी बांधलेली आहे, हे कोण ऐकणार?

तो धावत गेला. पट्टा काढला, पण आबा वयाने मोठे. त्याला संकोच वाटला. त्याने आबांच्या काठीचं खालचं टोक धरलं आणि म्हणाला, "चला."

"कुठे?"

"वाळूत."

आबांनी त्याच्याकडे बघितलं. एवढ्या माणसांत आपल्या मनातलं ओळखणारा हा एकच निघाला, असं त्यांना वाटलं असावं. ते काठीमागून गेले. बिरू आडोशापाशी तोंड फिरवून उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला.

आबा बाहेर आले. बिरूने त्यांची पाठ थोपटली. "शाबास," म्हणाला आणि बिस्किट त्यांच्या तोंडात घातलं. आबांना साखरेचा त्रास, घरी सूनबाई गोडाला हात लावू देत नव्हती. त्यांनी ते डोळे मिटून खाल्लं.

भास्कररावांनी लांबून फक्त बिस्किट बघितलं. त्यांनी बिरूला पाण्याच्या टाकीमागे ओढलं.

"अरे, मानपान कळतो का तुला? आबांना एकट्यालाच देतोस आणि बाकीच्यांनी बघत बसायचं? एकाला केलं की सगळ्यांना करायचं. आणि आधी विहीणबाईंना. पहिला मान त्यांचा. त्या रुसल्या तर लग्न मोडेल."

"आता करू?"

"आता नको, पानं मांडतायत. जेवणं झाल्यावर."

बिरूला पटलं. रेवतीताईही तेच म्हणाली होती. जेवण झालं की.

मग टिळे लागले, अंगठ्या झाल्या, जेवणं झाली. वाढपी आग्रह करत होते आणि ताकाचे पेले भरत होते. विहीणबाई हात धुऊन खुर्चीवर टेकल्या. नऊवारी पैठणी, गळ्यात चपलाहार, नाकात नथ. सगळी मंडळी त्यांच्याकडे बघत होती, कारण आता त्या 'सगळं पसंत आहे' असं म्हणणार होत्या.

तेवढ्यात बिरू आला. हातात चांदीचं ताट, ताटात मांडलेली बिस्किटं, खांद्यावर पट्टा. त्याने विहीणबाईंना वाकून नमस्कार केला.

"पहिला मान तुमचा," तो म्हणाला.

विहीणबाई खूश झाल्या. घर रीतीभातीचं दिसतंय, असं नणंदेला म्हणाल्या आणि त्यांनी बिस्किटाकडे हात नेला. बिरूने ताट मागे घेतलं.

"आधी नाही. केल्यावर."

"काय केल्यावर?"

"आबांनी केलं ते. मागे वाळू आहे. तुमच्याकडे काठी आहे का? नसली तर मी पट्टा आणलाय."

भास्करराव जागच्या जागी खुर्चीत बसले. खुर्ची तिथे नव्हती. कुसुमताईंनी तोंडावर पदर घेतला. रेवती नवरदेवाकडे बघेना आणि नवरदेव कोणाकडेच बघेना.

बिरूने सगळ्यांना समजावून सांगितलं. "मग बाकीचे या. रांगेने. सगळ्यांना एकेक बिस्किट आहे. पण हिरवळीवर कोणी करू नका. एक जरी डाग पडला तरी मालक बुंदीला खाणीवर धाडणार आहेत."

विहीणबाईंची नथ थरथरत होती. त्या काय बोलणार, या धास्तीने वाढपीसुद्धा ताकाची किटली धरून थांबले. आणि पुढच्या खुर्चीवरून आबांनी काठी आपटली.

"जा गं सूनबाई, जाऊन ये. वाळू चांगली आहे, पोरगा तोंड फिरवून उभा राहतो. उगाच तुझ्यापायी एका मुक्या जनावराचं घर जायला नको."