पाणचक्कीतला केर

फार जुनी नव्हे, अलीकडचीच गोष्ट. जुन्या वास्तूंचे जाणकार असे एक वृद्ध गुरुजी होते आणि त्यांची एक शिष्या होती. हुशार, पण घाईची. धरणाची उंची वाढणार म्हणून ओढ्याकाठची एक जुनी पाणचक्की बुडणार होती. दगड न् दगड सोडवून ती वरच्या ओढ्यावर पुन्हा उभारायची ठरली. त्याआधी तिचं लेझर स्कॅनिंग करायचं काम शिष्येकडे आलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच गवंडी येणार होते.

शिष्येनं आधी चक्की लख्ख झाडून घेतली आणि निघालेला केर बाहेर उकिरड्यावर टाकला. मग तिपाईवरचं यंत्र जागोजागी मांडून कोपरा न् कोपरा टिपला आणि दुपारी गुरुजींना संगणकावर दाखवला. "एक मिलिमीटरही सुटला नाही, गुरुजी!"

गुरुजींनी कौतुक केलं. मग बाहेर जाऊन उकिरडाच उपसू लागले! लाकडाचे तुकडे, चिंध्या, सगळं उपरण्यात भरून आणलं, चक्कीत ओतलं आणि म्हणाले, "आता पुन्हा टिप."

शिष्येला रडू यायचंच बाकी राहिलं. "अहो, हा केर आहे! आणि उद्या चक्की सोडवणार!"

गुरुजींनी दारातल्या वृद्ध चक्कीवाल्याला हाक मारली. "बाबा, सकाळपासून चेहरा का उतरलाय तुमचा?"

म्हाताऱ्यानं ढिगातून हातभर लाकूड उचललं. "ही पाचर. ही तुळईखाली ठोकली की वरचा दगड जरासा उचलला जातो. नाहीतर दगडावर दगड बसतो, चाक हलत नाही. ताईंनी काढली. म्हटलं, शिकलेली माणसं, त्यांना ठाऊक असेल."

शिष्या ओशाळली. नवी चक्की अगदी हुबेहूब उभी राहिली असती आणि मूठभर ज्वारीही दळू शकली नसती.

"यंत्र बिचारं प्रामाणिक आहे गं," गुरुजी मायेनं म्हणाले. "समोर ठेवलं ते त्यानं टिपलं. समोर काय ठेवायचं, ते मात्र आपण ठरवलं. आणि ज्यांचा जन्म इथं गेला त्यांना विचारलं नाही. विद्येचा अहंकार असा झाडू घेऊन येतो."

शिष्येनं म्हाताऱ्याची माफी मागितली आणि एकेक वस्तू उचलून विचारू लागली. तो सांगेल तिथं ती परत बसवू लागली. एका चिंधीपाशी मात्र तो अडला. "ही टाका खुशाल. कुठली कोण जाणे."

"टाकू नका!" बाहेर बसलेली त्याची बायको लगबगीनं आत आली. "भिंतीच्या फटीत बसवते मी ती, दर पावसाळ्यात. तिथून पाणी झिरपतं, पिठाला बुरशी धरते."

म्हातारा बघतच राहिला. "चाळीस वर्षं पीठ कोरडं राहिलं, ते मी माझंच कसब समजत होतो!"

"तुम्ही विचारलंत कधी?" म्हातारी म्हणाली.

शिष्येनं चिंधी तिच्या हातात दिली, ती फटीत नीट बसेपर्यंत थांबली, आणि मग यंत्र सुरू केलं.