अध्यक्षांनी नेलेली वही

पोस्टमास्तर वामन केळुसकरांनी बारा वर्षं पतंगांमागे लागणारी वटवाघळं न्याहाळली आणि सात वह्या भरल्या. खात्रीच्या नोंदी सहा पातळ वह्यांत मावल्या. सातवी मात्र जाडजूड झाली, कारण तीत मास्तरांनी स्वतःच्या चुका तारीखवार लिहिल्या होत्या.

एक दिवस निसर्ग मंडळाचे अध्यक्ष रणदिवे आले. "मास्तर, मॅट्रिकवाल्याचं कोण ऐकणार? वह्या द्या, माझ्या नावावर व्याख्यान देतो."

नाही म्हणायची मास्तरांची छाती नव्हती. "साहेब, सगळ्यात भरगच्च ही," म्हणत त्यांनी सातवी पुढे केली. साहेबांनी ती न उघडताच काखोटीला मारली.

भर सभेत अध्यक्ष ऐटीत वाचू लागले, "हा पतंग आठवडाभर हलला नाही. आठव्या दिवशी बायकोनं तो केरात लोटला. फणसाचं पान होतं."

सभा खो खो हसली. अध्यक्ष तणतणत पोस्टात आले. "फसवलंत मला!"

मास्तर हात जोडून म्हणाले, "साहेब, चंद्रपतंगाच्या लांब शेपट्या अशा फडफडतात, की वटवाघूळ झडप घालतं ते शेपटीवरच. शेपटी तुटते, पतंग सुटतो. माझ्याकडे लांबलचक असं काय होतं? चुकाच तेवढ्या!"