नागूबायनं दर्याला झापलं

फार फार वर्षांमागं, आपल्या कोळंबखारात जमीनच नव्हती. नुसता चिखल, तिवरांची झाडं आणि भरतीला वर चढणारं खारं पाणी. आपल्या वाडवडिलांनी त्या चिखलाचेच गोळे केले, हातावरून हातावर दिले आणि खाडीच्या कडेनं लांबच लांब बांध घातला. दर्याला म्हणाले, बाबा, तू तिकडं, आम्ही इकडं. मग वर्षानुवर्षं पावसानं आतलं मीठ धुतलं आणि एका पावसाळ्यात तिथं भात उभं राहिलं. गाळ दर्यानं आणला होता, शेत माणसांनी कंबर मोडून केलं होतं.

बांधाला एक दार होतं. त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला तिची फळी उचलायची आणि शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं. भरती यायच्या आत फळी पाडायची. बस्स, शेंबडं पोरही करील! ही फळी सांभाळायचा मान होता धाकू खारपाटलाचा.

या धाकूला जिताड्याची चटक लागली. जिताडा म्हणजे आपल्या खाडीतला सगळ्यात चवदार मासा. भरतीला फळी जराशी उचलली की पाण्याबरोबर जिताडे आत येतात, मग ओहोटीला आरामात जाळं लावायचं. पण माशाबरोबर खारं पाणीही शेतात घुसतं, त्याची त्या मेल्याला काय फिकीर! उघाडीजवळची रोपं पिवळी पडली. लोक कुजबुजायला लागले. तेव्हा धाकूनं घरोघर एकेक जिताडा पाठवून दिला. आणि आपलं गाव, सांगायलाही लाज वाटते, आपलं गाव गप्प बसलं. एकानं तोंड उघडलं नाही. उघडलं ते जेवायलाच!

गप्प बसली नाही ती एकटी नागूबाय. उघाडीला लागूनच तिचा शेताचा तुकडा होता. नवऱ्याच्या मागं तिनं तो एकटीनं कसला होता आणि तेवढ्यावरच तिचं पोट होतं. आवाज तर असा, की ती इकडं ओरडली की खाडीपलीकडच्या गावात गुरं दचकायची, असं म्हणतात. तिनं आपल्या वाटणीचा जिताडा शेपटीला धरला, भर गावातून नेला आणि धाकूच्या अंगणात फेकला.

"तुजा मासा तुला लखलाभ. माजं भात मला परत दे!"

धाकू हसला. "बायामानसांनी बांधाच्या कामात तोंड घालू नये," म्हणाला. आणि गावातल्या बाया? त्याही तिलाच म्हणाल्या, "गप बस गो नागू, पाटलाशी कशाला वैर घेतंस?" भांडकुदळ म्हणून लोक तिला पाणवठ्यावर वेगळं उभं करायला लागले. ज्यांची शेतं ती वाचवत होती, तेच!

श्रावणातली अमावास्या आली. भर दुपारी दर्याला उधाण आलं. धाकू कसला श्रावण पाळतोय! त्याच्याकडं पाहुणे जिताडा खायला आले होते, म्हणून त्यानं फळी चांगली वर ओढली, आणि ती वरच अडकली. खाली येईना. पाण्यानं दोन्ही बाजूंचा चिखल कुरतडला आणि धाडकन बांध फुटला. हिरव्यागार भातात खाडी घुसली. सगळं गाव धावत आलं आणि फुटलेल्या बांधाकडं बघत उभं राहिलं.

"दर्या कोपला!" धाकू ओरडला. "नारळ आणा, कोंबडा आणा!"

नागूबायनं लुगडं खोचलं आणि ती छातीभर पाण्यात उतरली.

"दर्याला काय बोल लावता रं? फळी कुनी उचलली?"

सगळ्यांची बोटं धाकूकडं वळली.

"आनि जिताडा कुनी खाल्ला?"

आता मात्र सगळ्यांच्या माना खाली गेल्या. तेव्हा नागूबाय दर्याकडं वळली.

"आनि तू रं? इतका मोठा झालास नि अक्कल नाय तुला? माज्या शेतानं बोलावलं व्हतं का? ज्यानं बोलावलं त्याच्या घरला जा जेवायला!"

असं म्हणतात, पाणी थबकलं. मग शेतातून मागं सरलं, गाडीवाटेला लागलं आणि वाटेतलं एकही घर न भिजवता सरळ धाकूच्या ओटीवर चढलं. चूल विझवली. भाताच्या कणगीत जिताडे उड्या मारायला लागले, पाहुणे माळ्यावर चढून बोंबलायला लागले. कुणी म्हणतं, हे वाढवून सांगतात. सांगू देत! त्याच्या कणगीत खारं पाणी शिरलं, एवढं ऐकूनच माझा जीव थंड होतो.

धाकू हात जोडत आला. "नागूबाय, माघारी पाठव गं त्याला!"

"आधी चिखलात उतर."

उतरला. पांढरंशुभ्र धोतर नेसून उतरला. त्याच्यामागं सगळं गाव उतरलं, बायाही उतरल्या. ओहोटी लागली तसं पाणी त्याच्या घरातून निघालं आणि मुकाट खाडीत गेलं. मग हातावरून हातावर गोळे गेले आणि दिवस मावळायच्या आत बांध उभा राहिला, असं म्हणतात.

गावाची शेतं वाचली. नागूबायचं वाचलं नाही. फुटलेल्या जागेलगतच होतं ना ते! त्यात मीठ इतकं खोल मुरलं की ती जिवंत असेपर्यंत तिथं भाताची काडी उगवली नाही. कुणी तिला वीतभर जमीन दिली का? छे! दुसऱ्यांची लावणी करत म्हातारी झाली आणि गेली. मग यांना उमाळा आला. उघाडीवर धोंडा मांडला, शेंदूर फासला, देवी म्हणाले. अरे, जिवंतपणी पसाभर भात दिलं नाहीत आणि आता नारळ फोडता?

पण जुन्या बायांनी एक गोष्ट बरी केली. अजूनही श्रावणातल्या अमावास्येला, भरती चढायच्या आधी, सगळं गाव चिखलाचा गोळा घेऊन बांधावर जातं. गावातली सगळ्यात म्हातारी बाई उघाडीवर उभी राहते आणि ओरडते, "फळी कुनी उचलली?" सगळ्यांनी उत्तर द्यायचं, "आम्ही!" त्याशिवाय बांधाला चिखल लावायचा नाही.

गेल्या वर्षी पनवेलहून आलेला आपल्याच गावचा एक जण बुटांसकट बांधावर उभा होता. म्हणाला, "आम्ही कशी उचलली? तेव्हा आम्ही जन्मलो तरी होतो का?"

उघाडीवर आमची सखूबाय होती. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"सकाळी काय जेवलास रं?"

"भात."

"कुठला?"

त्यानं बांधाच्या आतल्या शेताकडं बघितलं.

"मंग बोल," सखूबाय म्हणाली. "मोठ्यानं बोल."