गेनबा आणि गाडीत अडकलेली सीडी

पिंपळनेरवाडीत गेनबा नावाचा एक भोळा ड्रायव्हर राहायचा. सांगितलेलं काम तो सांगितल्याप्रमाणेच करायचा. सगळी पंचाईत तिथंच व्हायची.

गाडी त्याच्या मामांची, म्हणजे विठोजीमामांची होती. मामी वारल्या होत्या. पण त्यांनी कुणाच्या तरी लग्नात म्हटलेली हळदीची गाणी एका सीडीवर होती. मामींच्या आवाजाची तेवढीच एक आठवण घरात उरलेली. मामांची मुलगी वैजू हिचं लग्न ठरलं, तेव्हा तिनं सांगून टाकलं, की आईचं गाणं लागल्याशिवाय मी हळद लावून घेणार नाही.

आणि नेमकी ती सीडी गाडीच्या प्लेअरमध्ये अडकली. वाजेना आणि बाहेरही येईना.

मामा म्हणाले, "बटण दाबून धर. बाहेर येईपर्यंत सोडू नको."

गेनबानं बटण दाबून धरलं. दुपार झाली, जेवणाची हाक आली, तो हलला नाही. एका हातानं भाकरी खाल्ली, दुसरा हात बटणावर. संध्याकाळी गाडीची बॅटरी उतरली, तरी त्याचं बोट तिथंच.

शेवटी मामांनी तालुक्याहून रज्जाक मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्रीनं बॅटरी चार्ज करून दिली आणि गेनबाला समजावलं, की काही अडकलं तर असं दाबत बसायचं नसतं. वायर काढायची, जरा थांबायचं, परत जोडायची. गेनबानं ते पक्कं ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साखरपुडा होता आणि संध्याकाळी हळद. नवऱ्या मुलाचे वडील माइकसमोर उभे राहिले. त्यांना बोलायची सवय नव्हती. "आमच्या घराण्याची... घराण्याची..." म्हणून ते अडकले. गेनबा उठला आणि त्यानं वायर काढली. माइक बंद, पंखे बंद, मांडवातले दिवेही गेले. तो जरा थांबला. मग वायर जोडली. व्याही तोवर मांडवाबाहेर जाऊन उभे होते.

मामांनी हातापाया पडून त्यांना आत आणलं. मग गेनबाला बाजूला घेऊन म्हणाले, "अरे, अडकलं म्हणून वायर काढतात का? जवळ जायचं. गोड बोलायचं. धीर द्यायचा."

गेनबा मान डोलावून थेट गाडीत जाऊन बसला. प्लेअरच्या फटीला तोंड लावून त्यानं सीडीची विचारपूस केली. आत अंधार आहे का, भूक लागली का, इथं सगळी आपलीच माणसं आहेत, घाबरायचं नाही. आपला चार्जर न्यायला आलेला मिस्त्री बराच वेळ ऐकत उभा राहिला.

"ती माणूस आहे का?" मिस्त्री म्हणाला. "पातळ पट्टीला चिकटपट्टी लाव. फटीतून हळूच आत सार. चिकटली की ओढून घे."

गेनबा पट्टी आणायला घरात गेला, तर घरात वेगळाच घोळ. हळदीची वेळ झाली होती आणि वैजूनं खोलीचं दार आतून लावून घेतलं होतं. बायका दार वाजवून थकल्या. वैजू अडकली, बाहेर येईना, असं गेनबाच्या कानावर पडलं.

त्यानं पट्टी घेतली, चिकटपट्टी लावली आणि दाराच्या फटीतून हळूच आत सारली.

आत वैजू रडत बसली होती. दाराखालून एक पट्टी आली, डावीकडे फिरली, उजवीकडे फिरली. वैजूनं विचारलं, हे काय चाललंय. बाहेरून गेनबा म्हणाला, "ताई, तू फक्त चिकट. ओढायचं मी बघतो."

वैजूला इतकं हसू आलं की तिनं दार उघडलं. सगळा प्रकार ऐकून तिनंच ती पट्टी घेतली, गाडीत जाऊन बसली, फटीतून अलगद सारली आणि सीडी बाहेर ओढली. सीडीवर साधा ओरखडाही नव्हता.

मामांना पोरीला पाटावर न्यायची घाई झाली होती. त्यांनी सीडी गेनबाच्या हाती दिली आणि बजावलं, की घरात पोरंटोरं फार आहेत, गाणं लावेपर्यंत ही अशा जागी ठेव, जिथं कुणाचाच हात पोचणार नाही.

वैजू पाटावर बसली. बायकांनी हळदीची वाटी उचलली. मामांनी गेनबाकडे हात पुढे केला.

"ठेवलीय, मामा," गेनबा म्हणाला. "कुणाचा हात पोचणार नाही. तुमचासुद्धा न्हाई."

मामांनी गाडीकडे पाहिलं आणि ते मटकन ओट्यावर बसले.

वैजू मात्र उठली. गाडीत जाऊन तिनं किल्ली फिरवली. या खेपेला सीडी आत नीट बसली होती; थोडी खरखर झाली आणि मामी गाऊ लागल्या. बायका वाट्या घेऊन अंगणात धावल्या. पुढच्या सीटवर बसून, पाय बाहेर सोडून वैजूनं हळद लावून घेतली.

गाणी संपली, तशी सीडी आपोआप बाहेर आली. गेनबा शेजारीच उभा होता. त्यानं ती लगेच परत आत ढकलली.