कुंभारणीने निवडलेली बाहुली

फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की माझ्या पणजीनेही ती जुनी म्हणूनच ऐकली होती. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि माथ्याजवळ दुसरं. मधल्या कुरणात गुरं कुणी चारायची, हे दरवर्षी बुद्धिबळाच्या एका डावावर ठरायचं. हसू नका, एकमेकांची डोकी फोडण्यापेक्षा ते बरंच होतं.

खालच्या गावातून दरवर्षी एका घराची पाळी असे. त्या वर्षी पाळी आली कुंभारणीची. तिला सोंगट्या कशा चालतात एवढंच ठाऊक. सहा वर्षं गाव सारखं हरत होतं, गुरांच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. यंदाही हरलो तर गुरं जगत नाहीत, हे सगळे जाणून होते.

गावातला म्हातारा सुतार कळीच्या बाहुल्या करी. कळ फिरवली की त्या समोर बसून बुद्धिबळ खेळत. डावाला तीन महिने होते. कुंभारणीने सगळ्यात हुशार बाहुली मागितली आणि सुताराने ती दिली.

ती बाहुली कधी चुकतच नसे. रोज पंधरा चालींच्या आत मात! महिनाभरात कुंभारीण एकच गोष्ट शिकली, पट पाहिला की घाबरायचं. तिने बाहुली परत नेली आणि जरा सोपी मागितली.

दुसरी बाहुली नऊ चाली अगदी पहिलीसारखी खेळायची आणि दहाव्या चालीला आपला वजीर उगाच मरायला आणून ठेवायची. झालं, आमची कुंभारीण रोज जिंकायला लागली आणि गावभर मिरवू लागली. मग एकदा तिने शेजारणीशी डाव मांडला, तर बाईसाहेब आपल्या बोटांवर चाली मोजत बसल्या. दहावी झाली, अकरावी झाली, शेजारणीचा वजीर काही मरायला येईना. बाराव्या चालीला हिच्यावरच मात झाली. बिचारी ढसाढसा रडली, आणि सांगताना मलाही तिची दया येते.

आता एकच महिना उरला होता. सुताराने माळ्यावरून एक नाक तुटलेली बाहुली काढली. त्याची बायको वारली तेव्हा, ती जशी खेळायची तशीच ही त्याने घडवली होती.

"ही चुकते का हो, काका?" कुंभारणीने विचारलं.

"चुकते तर. पण उगाच नाही चुकत, पोरी. घोड्यावर हिचा भारी जीव, तो वाचवताना दुसरंच काही घालवून बसते. फुकटचं प्यादं दिसलं की हिला राहवत नाही. हिने चाल केली की आधी स्वतःला विचार, ही अशी का खेळली?"

पहिले आठ दिवस कुंभारीण हरली, पण थोडक्यात हरली, आणि कुठे चुकलं ते तिला दिसू लागलं. मग दोन-चार डाव जिंकली. महिना संपता संपता दोघींची बरोबरी झाली.

डावाच्या दिवशी समोर बसला वरच्या गावचा पाटील, मोठा कसलेला गडी. बराच वेळ पाटलाचंच पारडं जड होतं. मग त्याने राजाजवळचा हत्ती अचानक दूर नेला. कुंभारणीने बोटं मोजली नाहीत. पाटील असा का खेळला, हे तिने स्वतःला विचारलं. त्याला वजिराची काळजी लागली होती, आणि त्या काळजीत राजा उघडा पडला होता. तिने तिकडे हळूहळू मोहरे वळवले आणि शेवटी प्याद्याने मात केली. प्याद्याची मात म्हणजे त्या काळी केवढा मान!

पाटील दिलदार होता. त्याने हात जोडून विचारलं, "बाई, कुणाकडे शिकलात?"

"आमच्या सुतारकाकूंकडे," कुंभारीण म्हणाली.

गर्दीत उभा असलेला म्हातारा सुतार उपरण्याने डोळे पुसत राहिला. दुसऱ्या दिवशी खालच्या गावची गुरं कुरणात शिरली आणि वर्षभर पोटभर चरली.

बोध: शिकायचं असेल तर कधीच न चुकणारा नको आणि उगाच हरणाराही नको, माणसासारखा चुकणारा आणि आपल्याहून एकच पायरी वर असलेला सोबती निवडावा.